मामा, दात काढा

चौतीस वर्षं मी एकाच इमारतीत लिफ्टमन होतो. आठ मजले, एक लिफ्ट, एक स्टूल आणि मी. एवढ्या वर्षांत मी सहज चंद्रावर जाऊन आलो असतो, पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाई जाळीचं दार उघडं टाकायच्या, म्हणून राहिलं.

लोकांना वाटतं लिफ्टमनचं काम लिफ्ट वर न्यायचं. ते मोटर करते. लिफ्टमनने दार उघडायचं आणि म्हणायचं, "आठवा मजला. उतरा." एवढंच. पण दार उघडलं नाही तर ती लिफ्ट नव्हे, पिंजरा. हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या भाचीने त्यावर अख्खं आयुष्य काढलं आणि मी त्यावर एकाला पाणी पाजलं.

भाची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिघं आम्ही त्याच इमारतीच्या आठव्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याशेजारच्या खोल्यांत राहतो. बहीण कपडे अल्टर करून देते. भाची फोनवरचे खेळ बनवते, आणि तिला सगळे फुली म्हणतात.

फुली का, तर शिक्षण संपल्यावर तिला एका मोठ्या खेळकंपनीत नोकरी लागली. खेळता खेळता मधेच जाहिरात येते आणि ती बंद करायला कोपऱ्यात एक फुली असते ना? त्या फुलीवर ही अधिकारी. काम काय, तर दर महिन्याला फुली थोडी बारीक करायची. बोट चुकलं पाहिजे, माणूस जाहिरातीत पडला पाहिजे. पोरगी घरी येऊन पडेल चेहऱ्याने सांगायची, "मामा, आज मसुराएवढी केली." पुढच्या महिन्यात तिळाएवढी. शेवटी साहेब म्हणाले, आता ती हलती करा, बोट जवळ आलं की सरकली पाहिजे. त्या दिवशी हिने फुली एवढी मोठी केली की सगळा पडदाच फुली. कुठेही बोट ठेवा, जाहिरात बंद. साडेतीन तास लाखो लोक जाहिरातींविना खेळले आणि त्यांतले निम्मे आनंदाने रडले, असं मी ऐकलंय. ऐकलंय म्हणजे मीच सांगितलंय. नोकरी गेली, नाव राहिलं.

मग तिने घरातल्या जेवणाच्या टेबलावर एकटीने खेळ बनवायला सुरुवात केली. पहिला खेळ रांगेचा. तुम्ही रांगेत उभे, आणि कोणाकोणाला पुढे जाऊ द्यायचं ते तुम्ही ठरवायचं. दोनशे बारा जण खेळले आणि चाळिसांनी पत्रं लिहिली. दुसरा, हरवलेल्या मोज्याचा. तो त्याहून कमी जण खेळले, पण बहिणीने तीनदा खेळला, आणि तिला फोन सरळ धरता येत नाही.

तिसरा खेळ गोगलगाईचा. तो मुळात माझा.

एकदा लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मधे अडकली. बाजूच्या झरोक्यातून पाहतो तर बाहेरच्या भिंतीवर एक गोगलगाय वर चाललेली. मी हात केला, तिने शिंग हलवलं. मेकॅनिक आला, लिफ्ट सुटली, मी गच्चीवर पोचलो तर बाईसाहेब आधीच उन्हात बसलेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उशीर केलात." ही गोष्ट मी फुलीला लहानपणी शंभरदा सांगितली, आणि दर वेळी गोगलगाय थोडी लवकर पोचायची.

फुलीने त्याचाच खेळ केला. आठ मजल्यांची भिंत, प्रत्येक मजल्यावर एक खिडकी, खिडकीत कोणीतरी काहीतरी करतंय. तुम्ही गोगलगाय. वर पोचलात की गच्ची, ऊन, आणि पडद्यावर अक्षरं: "आठवा मजला. उतरा." खेळ संपला. पुन्हा या असं नाही, उद्या बक्षीस आहे असं नाही.

"संपणारा खेळ कोण घेईल गं?" बहीण म्हणाली.

"आई, तू शिवलेल्या झग्याला शेवटी टाका मारून दोरा तोडतेसच ना?"

"नाही तोडला तर गिऱ्हाईक मशीनसकट घरी जाईल."

"तेच," फुली म्हणाली.

मधेच कोणाला थांबायचं असेल तर प्रत्येक पडद्यावर "पुरे" असं बटण होतं. ते दाबलं की गोगलगाय शंखात जाऊन झोपायची आणि गच्ची उघडायची. पण माझे हात थरथरतात. मी पुरे दाबायला जायचो आणि खिडकीतल्या बाईंच्या कुंडीवर बोट पडायचं. फुली म्हणाली, "ज्याला माझा खेळ बंद करता येत नाही, त्याच्या हातात मी तो देणार नाही." म्हणून तिने गोगलगाईला ऐकायला शिकवलं. आठवडाभर रोज सकाळी उठल्याउठल्या मला टेबलाशी बसवून माझ्याकडून तीनशे वेळा "पुरे" म्हणवून घेतलं. खेळातल्या त्या भागाचं नावच तिने "मामा" ठेवलं आणि वर लिहिलं, "हात लावू नये. मामा चिडतात."

खेळणारा हा घरी आलेला पाहुणा, असं तिचं मत. त्याला आग्रह करावा, बाहेरून कडी लावू नये.

आता खलनायक. फुली खेळ बनवायची, पण चार माणसांत बोलायला गेली की तिचा घसा बसायचा. म्हणून तिने बोलणारा भागीदार घेतला. त्याला मी लोणकढ्या म्हणतो. थापाड्या मीही आहे, पण माझी थाप ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की थाप आहे. तो हसतो आणि घरी जातो. याची थाप ऐकणारा सही करून जायचा. आमच्या टेबलाशी बसून चहा प्यायचा, बहिणीला "आई" म्हणायचा, मला "मामा". त्या दोन शब्दांचं भाडं आम्ही पुढे चांगलंच भरलं.

खेळ पुरा झाला त्याच आठवड्यात त्याने पुढे केलेल्या कसल्यातरी कागदावर फुलीने न वाचता सही केली. भागीदारी झाल्यापासून तिचं काम एका भाड्याच्या खोलीत चालायचं. एका सोमवारी ती तिथे गेली तर कुलूप बदललेलं आणि दारावरच्या पाटीवर फक्त त्याचं नाव. काचेतून तिला आपली खुर्ची दिसत होती, पाठीला बहिणीने शिवलेली उशी तशीच.

तीन महिन्यांनी गोगलगाय बाजारात आली. तीच भिंत, त्याच खिडक्या, कुंडीसुद्धा तीच. पण आठव्या मजल्यावर नववा, नवव्यावर दहावा. गच्चीच नाही. "पुरे" बटण काढून टाकलेलं. आणि एक दिवस तुम्ही आला नाहीत तर फोन वाजायचा: "तुमची गोगलगाय सुकतेय." उघडून बघावं तर ती बिचारी शिंगं पाडून तुमच्याकडे बघतेय. पाणी द्यायला पैसे. तळमजल्यावरच्या वॉचमनची नात एकशे चाळिसाव्या मजल्यावर होती. भावाच्या लग्नात मांडवामागे उभी राहून गोगलगाईला पाणी घालत होती. "मामा, मी नाही गेले तर ती मरेल," मला म्हणाली. नऊ वर्षांची नव्हे हो, तेवीस वर्षांची, बँकेत नोकरीला.

फुलीने हे पाहिलं आणि दोन दिवस तो खेळ मजल्यामागून मजला खेळून काढला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मामा, मला दोनच गोष्टी हव्यात. माझी गच्ची परत हवी. आणि चारचौघांत त्याचं नाक कापलेलं बघायचंय."

"आधी दुसरी," बहीण दातात सुई धरून म्हणाली.

माझ्याकडे उपाय तयार होते. गोगलगाईला शिव्या द्यायला शिकव. रोज पहाटे चारला सगळ्यांच्या फोनमधून तिला त्याचा नंबर ओरडून सांगू दे. फुली मान हलवत राहिली.

"खेळणाऱ्यांच्या अंगावरून जाऊन सूड नाही घ्यायचा मामा. त्यांना आधीच एकाने फसवलंय. मी दुसरी नाही होणार."

"अगं, सुडात थोडी धूळ उडतेच!"

"त्याच्या डोळ्यांत उडू दे. त्यांच्या नको."

झालं. सूड हवा, पण सोवळ्यातला. मी मनात म्हटलं, ही पोरगी म्हातारी होईल आणि लोणकढ्या गब्बर होईल.

मग एका सकाळी, मी नुकताच उठून टेबलाशी बसलो होतो, बहीण माझ्या कपात दूध ओतत होती. फुली समोर लोणकढ्याचा खेळ उघडून बसली होती. कुठल्या खिडकीतून काय काय चोरलं ते वहीत लिहायची तिला सवय लागली होती. बहिणीचं लक्ष फोनकडे, दूध कपाच्या काठाला. मी ओरडलो, "अगं, पुरे! पुरे!"

आणि पडद्यावरची गोगलगाय थबकली. शिंगं आत घेतली, सुर्रकन शंखात गेली, आणि दोनशे तीन मजल्यांच्या वर निळं आकाश उघडलं. गच्ची. ऊन. "आठवा मजला. उतरा." खाली बारीक अक्षरांत: "गोष्ट मामाची, खेळ फुलीचा."

दूध टेबलावरून माझ्या मांडीवर.

"त्याने 'मामा' काढलंच नाही," फुली हळूच म्हणाली. "काढता आलं नाही त्याला. शंखाचं उघडणं-मिटणं त्यातच आहे. काढायला गेला असेल, सगळं कोसळलं असेल, मग वरची पाटी वाचून गप्प बसला असेल."

"पण ऐकायला कान कुठून आला?" मी विचारलं.

ती हसली. त्या हसण्यात मला माझी आई दिसली, आणि माझी आई कोणाला सोडायची नाही. "कान त्याला हवाच होता. घरात लोक काय बोलतात ते ऐकून तशा जाहिराती दाखवतो. कोणी म्हणालं पाय दुखतात, की चपला. दुसऱ्याचं ऐकायला कान उघडा ठेवला, आणि मामा, त्याच कानात तुम्ही बसलायत."

यात खेळणाऱ्याची फसवणूक नव्हती. उलट त्याचं दार त्याला परत मिळत होतं. सोवळं शाबूत! मला एवढा आनंद झाला की मांडी भाजलीय हे दुपारी कळलं.

पंधरा दिवसांनी लोणकढ्याला एका मोठ्या सभागृहात पुरस्कार मिळणार होता. पुरस्काराचं नाव, बसून ऐका, "खेळणाऱ्यांचा सखा". तिकीट लावून कार्यक्रम, दुपारी चारचा. आम्ही तिघांची तिकिटं काढली. बहिणीने माझा कोट उसवून पुन्हा शिवला. मी दाढी केली, केसांना तेल लावलं, नवी कवळी घट्ट बसवली. चौतीस वर्षांत गणवेशातसुद्धा मी एवढा ताठ दिसलो नव्हतो.

लोणकढ्या मंचावर आला. पांढरा सदरा, हात जोडलेले. "लहानपणी शाळेच्या भिंतीवर मी एक गोगलगाय पाहिली," तो म्हणाला, आणि बहिणीने माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ अजून आहे. "ती मला म्हणाली, उशीर केलास."

माझी गोष्ट! तीही एकवचनात!

निवेदिका म्हणाली, आता प्रेक्षकांतले कोणी ज्येष्ठ पुढे येऊन खेळून दाखवतील का? मी हात वर केलाच होता; खरं तर उभाच होतो. लोणकढ्याने मला पाहिलं. क्षणभर तोंड उतरलं, पण लगेच मधात घोळल्यासारखं झालं. "अरे, हे तर आमचे मामा! या या मामा, घरचीच माणसं." त्याला वाटलं असेल, म्हातारा फोटो काढून घ्यायला आलाय.

माझ्या हातात फोन दिला. मागे भिंतभर पडद्यावर गोगलगाय. समोर हजार माणसं. मी घसा खाकरला आणि लिफ्टमनच्या आवाजात, आठही मजल्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पुरे!"

गोगलगाय चालत राहिली.

"पुरे!" पुन्हा. तिने शिंगसुद्धा हलवलं नाही.

हशा पिकला. लोणकढ्या ध्वनिक्षेपकात म्हणाला, "मामा, पुरे कसं? आत्ता तर सुरुवात आहे! आपल्या खेळाला पुरे नसतंच!" टाळ्या. एवढ्या टाळ्या की माझ्या कानशिलावर पडल्यासारख्या वाटल्या. "पुरे, पुरे, पुरे!" मी म्हणत होतो आणि गोगलगाय ढिम्म. एका बाजूने दोन सुरक्षारक्षक सरकायला लागले. तिसऱ्या रांगेत फुलीचा चेहरा पांढरा झाला होता. आयुष्यभर चारचौघांत जिचा घसा बसला, ती एकदम उभी राहिली आणि ओरडली,

"मामा, दात काढा!"

मला वाटलं, पोरगी म्हणतेय, हसतमुख राहा, धीर सोडू नका. मी हसलो. नवी कवळी, बत्तीसच्या बत्तीस दाखवून हसलो. लोक आणखी हसले.

"तसे नाही! काढा! काढा बाहेर!"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज सकाळी उठल्याउठल्या! तेव्हा माझे दात वाटीत असतात हो. तीनशे वेळा मी जे म्हटलं होतं ते "पुरे" नव्हतंच. गोगलगाईला बोळक्या तोंडाचा मामाच ठाऊक, हा कोटातला दातवाला कोण तिला काय माहीत! फुलीने सगळं तपासलं होतं, फक्त मामाला दुपारचा तपासला नव्हता.

लोणकढ्या फोन परत घ्यायला हात पुढे करून उभा होता. मी कवळी काढली आणि त्या हातावर ठेवली. ओली. मग ओठ आत गेले, गाल बसले, आणि मी गोगलगाईशी आमच्या भाषेत बोललो:

"फुऽये."

भिंतभर पसरलेली गोगलगाय थबकली. शंखात गेली. सभागृहाच्या छतापर्यंत निळं आकाश, ऊन, आणि माणसाच्या उंचीची अक्षरं: "आठवा मजला. उतरा." खाली: "गोष्ट मामाची, खेळ फुलीचा."

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पण पडली ती माझी कवळी. लोणकढ्याच्या हातून. मागच्या रांगेतून कोणीतरी बाई आपल्याच फोनवर ओठ आत ओढून म्हणाली, "फुये." तिचाही फोन शांत झाला. मग दुसरा. मग सगळ्या सभागृहात हजार माणसं, कोट घातलेली, पदक घातलेली, निवेदिकासुद्धा, दात झाकून "फुये, फुये" करायला लागली. सुटका झाल्यासारखी हसत होती माणसं. लोणकढ्याला कोणीही शिवी दिली नाही. कोणी त्याच्याकडे बघितलंच नाही, आणि एवढं नाक मी आजवर कापलेलं पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात गावोगाव फुये झालं. बसमध्ये, बँकेत, लग्नाच्या मांडवात धट्टीकट्टी माणसं म्हाताऱ्यांसारखे ओठ करून बोलताना दिसायची. दंतवैद्य घाबरले, असं म्हणतात. लोणकढ्याने भडकून "मामा" काढून टाकायला लावलं, आणि त्याच दुपारी सगळ्या गोगलगाई शंखात गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मामा चिडतात असं लिहिलं होतं की नाही?

मग एके दिवशी तो आमच्या दारात उभा. सदरा चुरगळलेला.

"फुली, तेवढं पूर्ववत करून दे. तुला जमेल."

"जमेल," ती म्हणाली. "गच्ची परत येईल, पुरेचं बटण परत येईल, कान बंद होईल, आणि पहिल्या पडद्यावर आमची नावं."

"गच्ची आली तर लोक थांबतील कशाला?"

"नाही थांबणार."

"मग मला काय उरलं?"

"शाळेची भिंत आहे ना," बहीण मशीनवरून म्हणाली.

त्याने सही केली. फुलीने या वेळी कागद दोनदा वाचला आणि बहिणीने तिसऱ्यांदा. त्याने पाणी मागितलं. तेही मिळालं, फुकट.

मी म्हटलं, "चल, तुला खाली सोडतो." निवृत्त झालो तरी लिफ्टची किल्ली माझ्याकडेच आहे.

फुलीने माझ्याकडे पाहिलं. "मामा."

"काय? पाहुणा आहे. सोडायला जातोय."

जाळीचं दार ओढलं, लिफ्ट निघाली. सातवा, सहावा, पाचवा. आणि पाचव्या आणि चौथ्याच्या मधे, अगदी त्या झरोक्याशी, मी किल्ली फिरवली. लिफ्ट थांबली. मी स्टुलावर बसलो.

"काय झालं मामा?"

"काही नाही. पुढचा मजला उद्या उघडेल. रोज आलास तर."

तो हसला. मग हसायचा थांबला. झरोक्यातून बाहेर पाहिलं, जाळी हलवली, घड्याळ पाहिलं, घाम पुसला. "मामा, पुरे आता."

मी कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं."

"पुरे म्हटलं!"

"असं नाही रे." मी माझी कवळी काढून कोटाच्या खिशात ठेवली आणि त्याच्याकडे बघत बसलो. फुलीचा नियम खेळणाऱ्यांसाठी होता. हा कुठे खेळणारा होता?

बराच वेळ गेला. मग त्याने ओठ आत ओढले. डोळे मिटले. आणि लहान पोरासारखं, अगदी हळू म्हणाला,

"फुये."

मी किल्ली फिरवली. लिफ्ट हलली, खाली टेकली. मी उठलो, जाळीचं दार पूर्ण उघडलं, बाजूला ताठ उभा राहिलो आणि चौतीस वर्षांच्या सवयीने म्हटलं,

"तळमजला. उतरा."